‘कांदीद’ वाचताना आपण नेमकं कुणाला हसतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरची ‘कांदीद’ ही 1759 ची शंभरेक पानांची कादंबरी तुम्ही वाचलीत. तिसऱ्या प्रकरणात तीस हजार माणसं मरतात आणि तुम्हाला हसू आलं. सहाव्यात माणसं जाळतात, तिथंही आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच्या दुःखावर विनोद करणाऱ्या पुस्तकाला अभिजात का म्हणायचं? लायब्नित्ससारख्या मोठ्या तत्त्वज्ञाला पांग्लोस गुरुजींच्या रूपात असं विदूषक करणं न्यायाचं आहे का? आणि एवढं सगळं दाखवून शेवटी ‘आपली बाग करा’ म्हणणं ही पळवाट नाही का?

मी हे पुस्तक वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांबरोबर ओळीओळीनं वाचलंय आणि त्यातली काही प्रकरणं मराठीत आणायची खटपट केलीय. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं तिच्याभोवतीच येईल. हे पुस्तक वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्याअर्थी’, ‘सबब’ असे शब्द जिथे जिथे येतील तिथे खूण करा. जवळजवळ प्रत्येक विनोद तुम्हाला त्या खुणेपाशी सापडेल. जखम गंभीरच असते, हसू येतं ते तिच्यावर चिकटवलेल्या कारणाचं.

पहिल्याच प्रकरणापासून बघा. वेस्टफालियातला जहागीरदार तिथला बडा सरदार आहे, कारण त्याच्या वाड्याला दार आणि खिडक्या आहेत. त्याच्या बायकोला फार मान आहे, कारण तिचं वजन सुमारे साडेतीनशे पौंड आहे. वाड्यातले गुरुजी पांग्लोस (ग्रीकमधून नाव घडवलंय, अर्थ साधारण ‘नखशिखांत जीभ’) शिकवतात की हे जग सर्व जगांत उत्तम आहे, आणि नाक चष्म्यासाठी घडवलंय, म्हणून आपण चष्मे लावतो. डुकरं खाण्यासाठी घडवलीत, म्हणून आपण वर्षभर डुकराचं मांस खातो. इथपर्यंत कुणाला इजा नाही. व्हॉल्टेअर फक्त आपला कान तयार करतोय. उलटं लावलेलं ‘म्हणून’ कसं ऐकू येतं ते त्यानं आधी नाक आणि चष्म्यावर शिकवून ठेवलं, की पुढे तेच ‘म्हणून’ प्रेतांच्या ढिगावर आलं तरी आपण ओळखतो.

आता तिसरं प्रकरण. बल्गार आणि आबार अशी दोन सैन्यं भिडतात. बल्गार म्हणजे प्रशियन, हे 1759 च्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. युरोपातलं सात वर्षांचं युद्ध 1756 पासून चालूच होतं. व्हॉल्टेअर लिहितो की तोफांनी आधी दोन्हीकडची सहा-सहा हजार माणसं आडवी केली, मग बंदुकांनी या सर्वोत्तम जगाचा पृष्ठभाग नासवणारे नऊ-दहा हजार बदमाश त्यातून काढून टाकले, आणि ‘संगीन हीदेखील काही हजार माणसांच्या मृत्यूचं पर्याप्त कारण ठरली’. एकूण तीस हजारांच्या आसपास. बेरीज करून बघा, संगिनीचे ‘काही हजार’ आठेक हजार धरले तर हिशेब जुळतो.

‘पर्याप्त कारण’ हा लायब्नित्सच्या तत्त्वज्ञानातला शब्द. कोणतीही गोष्ट पुरेशा कारणाशिवाय घडत नाही, हा त्याचा नियम. वर्गाच्या फळ्यावर तो शब्द निरुपद्रवी दिसतो. व्हॉल्टेअरनं तो उचलून संगिनीच्या टोकाला लावला. हे वाक्य मराठीत करताना सुरुवातीला मी ‘संगिनींनीही काही हजार माणसं मारली’ असं सरळ लिहायचो, आणि वाक्य मरून जायचं. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला कोरडा शब्द तिथे ठेवला, की जीव येतो. लगेच पुढे या लढाईला तो ‘वीरोचित खाटीकखाना’ म्हणतो. त्यासाठी ‘कत्तल’ वापरू नका. मराठीत कत्तल हा शब्द आधीच रणांगणाचा झालाय, त्यात मांसाचा वास उरलेला नाही. ‘खाटीकखाना’ म्हटलं की शेजारचं ‘वीरोचित’ टिकत नाही, आणि तेच हवंय.

आकड्यांत मरण मांडणं मराठी वाचकाला नवं नाही. ‘कांदीद’ छापून आल्यावर दोनच वर्षांनी, 1761 मध्ये पानिपत झालं, आणि त्याची बातमी सावकारी पत्रातून आली असं आपण शाळेपासून ऐकतो: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याला गणतीच नाही. तिथे हिशेबाची भाषा आली ती दुःख उघड बोलता येईना म्हणून. व्हॉल्टेअरच्या लढाईत ती येते, कारण हिशेब करणाऱ्या दोन्ही राजांना दुःखच नाही. दोघेही आपापल्या छावणीत विजयाचे ईशस्तवन गाऊन घेतात. भाषा तीच, पण एका ठिकाणी घसा दाटून येतो आणि दुसऱ्या ठिकाणी संतापाचं हसू फुटतं. तुम्हाला आलेलं हसू या दुसऱ्या जातीचं होतं, त्याची लाज बाळगू नका.

खात्री करायची असेल तर त्याच प्रकरणाचा पुढचा परिच्छेद वाचा. कादंबरीचा नायक कांदीद जळालेल्या गावात पोचतो. बल्गारांनी ते ‘आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून’ जाळलेलं असतं, म्हणजे कारण इथेही आहे, पण एवढंच. त्यानंतर जखमी म्हातारे, गळे चिरलेल्या बायका, त्यांच्या रक्ताळलेल्या छातीला चिकटलेली मुलं. या ओळींत एकही ‘म्हणून’ नाही, आणि मी हा परिच्छेद मोठ्यानं वाचतो तेव्हा वर्गात कुणीही हसत नाही.

लिस्बनचं प्रकरण तर पुस्तकाचं काळीज आहे. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये गर्दी आणि मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, आगी लागल्या, समुद्र शहरात शिरला. जिनेव्हाजवळ राहणाऱ्या व्हॉल्टेअरला ही बातमी नोव्हेंबरच्या अखेरीस कळली. त्यानं आधी विनोद केला नाही. 1756 मध्ये त्यानं या आपत्तीवर एक दीर्घ कविता लिहिली, तळमळीची आणि चिडलेली. त्यावर तत्त्वज्ञ रूसोनं ऑगस्टमध्ये लांबलचक पत्र पाठवलं. त्यातला एक मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे, की सहा-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीवाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. पुढे रूसो सांगायचा की आपल्या पत्राचं खरं उत्तर म्हणजे ‘कांदीद’. म्हणजे हे पुस्तक यायच्या आधी तीन वर्षं हा माणूस रडून, भांडून, पद्यात युक्तिवाद करून मोकळा झाला होता. ज्याला दुःखाचं काही वाटत नाही त्याच्या लेखनाला असा मागोवा नसतो.

पाचव्या प्रकरणातला एक छोटा प्रसंग फार लोक घाईत वाचून पुढे जातात, तिथे थांबा. भूकंपात दगड लागून कांदीद रस्त्यात ढिगाऱ्याखाली पडलाय. तो पांग्लोसला म्हणतो, थोडी वाइन आणि तेल आण रे, मी मरतोय. (तेल जखमेला लावायला.) पांग्लोस म्हणतो, हा भूकंप काही नवी गोष्ट नाही, अमेरिकेत लिमा शहरालाही गेल्या वर्षी असेच हादरे बसले, समान कारणं, समान परिणाम, लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखालून गंधकाची रांग नक्की गेलेली असणार. कांदीद म्हणतो, अगदी संभवनीय आहे, पण देवाशपथ थोडं तेल आणि वाइन. ‘संभवनीय?’ पांग्लोस उसळतो, ‘मी म्हणतो, हे सिद्धच झालंय!’ आणि कांदीदची शुद्ध हरपते. मग पांग्लोस जवळच्या कारंजावरून थोडं पाणी आणतो.

ते पाणी बघा. पांग्लोस दुष्ट नाही, तो पाणी आणतो. फक्त आधी ‘सिद्ध’ हा शब्द मिळायला हवा असतो आणि तोवर समोरचा बेशुद्ध पडलेला असतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच दिसतं. लायब्नित्सवर अन्याय झालाय का? हो, थोडा झालाय. 1710 च्या ‘थिओडिसी’त त्यानं ‘सगळं छान चाललंय’ असं म्हटलेलंच नाही. ईश्वरानं सर्व शक्य जगांपैकी उत्तम तेच निवडलं असणार, आणि त्यातलं दुष्टत्वही त्या एकूण मांडणीचा भाग आहे, असा तो तर्क आहे. भूकंपाच्या एकोणचाळीस वर्षं आधी, 1716 मध्ये तो वारला. त्याच्या तर्काचं खंडन ‘कांदीद’मध्ये शोधू नका, ते तिथे नाही. व्हॉल्टेअरचा प्रश्न वेगळा आहे: तेच वाक्य ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या कानाशी जाऊन म्हटलं तर त्याचं काय होतं? घरात तरुण मुलगा गेलेल्या आईला समाचाराला आलेलं कुणी ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ म्हणतं, तेव्हा ते वाक्य खोटं की खरं याची चर्चा कुणी करत नाही. त्या क्षणी ते उच्चारणंच क्रूर असतं. व्हॉल्टेअर त्या उच्चारण्यावर बोट ठेवतो.

सहाव्या प्रकरणात हेच ‘म्हणून’ सत्तेच्या हातात जातं. पुन्हा भूकंप होऊ नये यासाठी काही माणसांना समारंभपूर्वक मंद आचेवर जाळणं हा रामबाण उपाय आहे, असा निर्णय कोइंब्राचं विद्यापीठ देतं. पकडलेल्यांत दोन पोर्तुगीज आहेत. त्यांचा गुन्हा असा की कोंबडी खाताना त्यांनी तिच्यातले डुकराच्या मांसाचे तुकडे बाजूला काढले. म्हणजे ते छुपे ज्यू. त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते.

हे वाचून परदेशी वाचकाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो, गोव्याशी नातं असलेल्या माणसाला वाटू नये. माणसं अशी जाळणारं हेच पोर्तुगीज धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) 1560 पासून गोव्यात होतं आणि कायमचं बंद झालं ते 1812 मध्ये. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास लिहिलाय. 1736 च्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती घरांसाठी जी मनाईची यादी आहे, तिच्यात भात आळणी शिजवून मीठ नंतर घालायची हिंदू रीतही आहे. भातातलं मीठ आणि कोंबडीतलं डुक्कर, दोन्ही ठिकाणी ताटावरून माणसाचा धर्म काढलाय. व्हॉल्टेअरला या प्रसंगासाठी फारसं काही रचावं लागलं नव्हतं, एवढंच यातून दिसतं. आणखी एक. लिस्बनचा भूकंप ही पापाची शिक्षा आहे असं छापून सांगणारा मालाग्रिदा नावाचा जेझुइट पाद्री होता. त्यालाच त्याच धर्मन्यायालयानं दोषी ठरवून 1761 मध्ये लिस्बनमध्ये गळा आवळून मारलं आणि जाळलं. तेव्हा ‘कांदीद’ येऊन दोन वर्षं झाली होती.

तेविसाव्या प्रकरणातलं पोर्ट्समथ तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. बंदरात एका जाड माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गोळ्या घालतात. का? त्यानं पुरेशी माणसं मारली नाहीत म्हणून. इंग्लंडात मधूनमधून एखादा दर्यासारंग मारलेला बरा असतो, ‘बाकीच्यांना हुरूप यावा म्हणून’. हा ॲडमिरल बिंग. मिनोर्काच्या लढाईनंतर खटला चालवून 14 मार्च 1757 रोजी त्याला खरोखरच ठार केलं. त्याला वाचवण्यासाठी व्हॉल्टेअरनं धडपड केली होती. मिनोर्का जिंकणाऱ्या फ्रेंच सेनापतीचं, रिशेलिएचं, अनुकूल पत्र त्यानं इंग्लंडला पाठवलं. उपयोग झाला नाही. ते अपयश माहीत असलं की ‘हुरूप’ या शब्दावरचं हसू घशात अडकतं.

आता जिथे माझ्याच्यानं या पुस्तकाची बाजू घेववत नाही, ते. ज्यू सावकाराचं पात्र त्या काळच्या द्वेषाच्या साच्यातून जसंच्या तसं काढलंय, त्यात कुठल्याही ‘म्हणून’ची उलटतपासणी नाही. कांदीदची प्रेयसी क्युनेगाँद हिच्यावर झालेल्या अत्याचारांचं वर्णन काही वेळा नुसतं चुरचुरीत होतं, आणि शेवटी ती कुरूप झाली हा तर सरळ तिच्यावरचा विनोद आहे. इथे तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते योग्यच वाटलं. आपण आवडत्या लेखकाचं सगळंच झाकायला गेलो तर आपणही पांग्लोसच होऊ. क्युनेगाँदच्या सोबतीला असलेल्या म्हातारीचं प्रकरण मात्र मी याच्यात धरत नाही. तिची कहाणी भयंकर आहे, पण ती तिच्या स्वतःच्या तोंडून येते, आणि ती सांगताना जहाजावरच्या प्रत्येकाला ती विचारायला लावते की आयुष्याला शिव्या न दिलेला एक तरी आहे का इथे.

ज्यानं सोसलं त्याच्याच तोंडी शब्द दिले की काय होतं ते एकोणिसाव्या प्रकरणात पुरतं दिसतं. दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीच्या, सुरिनामच्या वाटेवर कांदीदला एक काळा गुलाम जमिनीवर पडलेला दिसतो. अंगावर अर्धी चड्डी, डावा पाय नाही, उजवा हात नाही. तो शांतपणे सांगतो: साखरेच्या कारखान्यात चरकात बोट सापडलं तर हात तोडतात, पळून जायला बघितलं तर पाय तोडतात, माझं दोन्ही झालं. ‘या किमतीला तुम्ही युरोपात साखर खाता.’ इथलं ‘तर’ बघा. नियम आहे, कारण आहे, परिणाम आहे. पांग्लोसची सगळी सामग्री आहे. पण बोलणारा तोडलेल्या हाताचा धनी आहे, त्यामुळे त्या व्याकरणाला लपायला जागा उरत नाही. पुढे तो म्हणतो, डच पाद्री दर रविवारी सांगतात की गोरे-काळे आपण सगळी आदमचीच लेकरं. मला वंशावळी कळत नाहीत, पण ते खरं बोलत असतील तर आपण सगळे चुलतभाऊ झालो, आणि नातेवाइकांशी याहून भयंकर वागता येणार नाही हे तुम्हीही मान्य कराल.

माझ्या मते अख्ख्या कादंबरीत बिनचूक अनुमान करणारा माणूस हा एकच. विद्यापीठ, राजे, गुरुजी सगळे तर्काच्या नावावर बरळतात. रस्त्यावर पडलेला हा गुलाम दोन विधानांवरून तिसरं काढतो आणि ते खरं असतं. यात विनोद आहे, बोचरा आहे, पण तो त्याचा आहे. कांदीद रडतो. आशावाद म्हणजे काय, असं त्याचा सेवक काकांबो विचारतो, तेव्हा तो म्हणतो, ‘वाईट चाललेलं असताना सगळं उत्तम चाललंय असं म्हणत राहायचं वेड’. आणि रडत रडतच शहरात शिरतो. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत शिष्यानं गुरूची वाक्यं पाठ म्हटलेली असतात; हे पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं.

राहिली बाग. मूळ वाक्य फ्रेंचमध्ये चारपाच शब्दांचं आहे, आणि ते मराठीत आणताना दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला बागेचा. शहरी मराठीत बाग म्हणजे संध्याकाळी मुलांना न्यायची जागा, आणि तिथेच ‘पळवाट’ हा आरोप जन्मतो. पण नाशिककडच्या माणसाला बाग म्हटलं की द्राक्षं दिसतात, खानदेशात केळी, कोकण-गोव्यात माड आणि पोफळी. छाटणी, पाणी, कर्ज, पहाटे उठणं. कॉन्स्टँटिनोपलजवळची कांदीदची जमीन याच जातीची आहे, छोटीशी शेतीवाडी. म्हणून क्रियापदही ‘फुलवणे’ घेऊ नये, ‘कसणे’ घ्यावं. ‘मळा’ हा शब्द मी बराच काळ वापरून पाहिला. अर्थानं तो चपखल बसतो, पण मराठीत मळा म्हटलं की सावता माळी आठवतो आणि त्याच्या मळ्यात विठ्ठल असतो. कांदीदच्या जमिनीवर तर देवाबद्दलचं बोलणं थांबलेलं आहे. नुकताच एका दरवेशानं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलंय. सुलतान इजिप्तला जहाज पाठवतो तेव्हा त्यातले उंदीर सुखात आहेत की नाही याची काळजी करतो का, असं त्यानं विचारलं होतं.

दुसरा निर्णय अधिक अवघड. फ्रेंचमधल्या त्या सर्वनामात बोलणारा ऐकणाऱ्याला धरतोय की वगळतोय हे कळत नाही. मराठीत टाळता येत नाही: ‘आमची बाग’ की ‘आपली बाग’? ‘आमची’ म्हटलं तर पळवाटीचा आरोप सिद्धच होतो. तुमचं तुम्ही बघा, आम्ही आमचं बघतो. ‘आपली’ म्हटलं तर समोरचा आत येतो. आणि कांदीदच्या समोर त्या क्षणी कोण आहे? पांग्लोस. तो नुकताच शेवटचं भाषण करून थांबलाय: तुला वाड्यातून लाथा घालून हाकललं नसतं, धर्मन्यायालयानं धरलं नसतं, तू अमेरिका पायी तुडवली नसतीस, तर आज इथे बसून तू मुरवलेली म्हाळुंगं आणि पिस्ते खात नसतास. पुस्तकातली सगळी दुःखं एका लांबलचक ‘म्हणून’मध्ये ओवून त्यानं हार केलाय. कांदीद ते खोडत नाही. तो म्हणतो, ‘छान बोललात, पण आपण आपली बाग कसली पाहिजे.’ तीस प्रकरणं ‘कारण’ ऐकून झाल्यावर त्याचं उत्तर ‘पण’वर वळतं. म्हणून मी ‘आपली’ लिहितो.

क्युनेगाँद पेस्ट्री उत्तम करायला लागलीय, म्हातारी कपडे सांभाळते, वाड्यातली जुनी मोलकरीण पाकेत भरतकाम करते, एके काळचा संन्यासी जिरोफ्ले सुतारकामात तरबेज झालाय. प्रवासातला निराशावादी सोबती मार्तिन म्हणतो, वाद न घालता काम करू या. आणि पांग्लोस मधूनमधून अजूनही बोलतो. त्याला कुणी हाकललेलं नाही, पिस्त्यांत त्याचाही वाटा आहे.